टॉवर गावात, फोन अंगणात

आमच्या शिरूर अनंतपाळमध्ये एखादा माणूस जेवता जेवता ताटावरून उठला, खरकट्या हातानंच अंगणात पळाला आणि "हां, बोल, आता येतंय" म्हणून ओरडला, तर कुणाला नवल वाटत नाही. फोन वाजला की बाहेर पळायचं, हे अंगवळणी पडलंय. प्रत्येक घरातली फोनची जागा ठरलेली आहे. कुणाची जिन्याची तिसरी पायरी, कुणाची तुळशीजवळची फरशी, कुणाची गच्चीवरची पाण्याची टाकी. पाहुणा आला की चहाच्या आधी विचारतात, "तुमचं कार्ड कोणतं? मग फोन त्या खिडकीत ठेवा, इथं नाही लागायचा."

आणि बाहेर येऊन मान वर केली की टॉवर दिसतो! "टॉवर दिसतोय की ओ, मग रेंज का नाही?" हा प्रश्न मला पत्रकार म्हणून इतक्यांदा विचारला गेलाय की "पीकविमा कधी पडणार?" हाच तेवढा त्याच्या पुढं असेल.

याचं अर्धं उत्तर आपल्या घराच्या भिंतीत आहे. मोबाइल शेवटी रेडिओलहरींवर चालतो. मोकळ्या रानात त्या लांब जातात, पण जाड भिंत आणि लोखंड आडवं आलं की अडतात. आता आपली घरं बघा. जुनं माळवदाचं घर म्हणजे हात-दोन हात रुंदीच्या दगडमातीच्या भिंती, वर लाकडांवर मातीचा थर, खिडक्या नावाला. उन्हाळ्यात गारेगार, पण लहर आत शिरायची मारामार. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर आपल्या भागात माळवदाची धास्ती बसली. ज्याला झेपलं त्यानं स्लॅब टाकला, ज्याला नाही झेपलं त्यानं पत्रे टाकले. स्लॅबात लोखंडी गजांची जाळी असते, आणि पत्रा तर लहर चक्क परत फेकतो. म्हणजे माळवद असो, स्लॅब असो की पत्रे, गरीब असो की बागायतदार, छताखाली गेला की तुटला.

त्यात कंपनी कोणत्या फ्रिक्वेन्सीवर सेवा देते यावरही बरंच अवलंबून असतं. ७००, ८५०, ९०० मेगाहर्ट्झ असल्या खालच्या लहरी भिंतीतून बऱ्यापैकी आत जातात. १८००, २३०० च्या लहरी दारातच दमतात. ५जीची ३५०० ची लहर तर आणखी नाजूक. म्हणून अंगणात ५जी आणि स्वयंपाकघरात "आऊट ऑफ कव्हरेज" असा प्रकार होतो. शिवाय गर्दी. आपल्या तालुक्यातल्या उजेडला जानेवारीत महात्मा गांधींच्या नावानं यात्रा भरते. देशात गांधीजींच्या नावानं यात्रा भरवणारी गावं शोधून सापडायची नाहीत, तो विषय पुन्हा कधीतरी. पण अशा गर्दीत फोनच्या सगळ्या दांड्या भरलेल्या असतात आणि फोन मात्र लागत नाही. कारण दांड्या म्हणजे टॉवर किती जोरात ऐकू येतो ते. टॉवरवर जागा रिकामी आहे का, हे दांड्या सांगत नाहीत.

पूर्वी २जीचा साधा आवाज चिवट होता. खरखर करत का होईना, पोचायचा. आता बहुतेक बोलणं ४जीवरून, ज्याला फोनमध्ये व्होल्टी म्हणतात, त्यावरून जातं. जिओकडं तर २जी-३जी कधी नव्हतंच. तिथं ४जी पातळ झालं की आवाजही पातळ होतो. "हॅलो, हॅलो, तुमचा आवाज तुटतोय" हे आपलं नवं रामराम झालंय.

एवढं सगळं सांगायचं कारण वायफाय कॉलिंग. या सोयीनं आपलं निम्मं दुखणं कमी होऊ शकतं. जादा पैसे पडत नाहीत, ॲप लागत नाही, आणि गेली पाच-सहा वर्षं ती आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या खिशात बंद पडून आहे. गेल्या दोन महिन्यांत मी सहज म्हणून पंचवीस-तीस ओळखीच्यांना विचारलं, फोनमध्ये वायफाय कॉलिंग चालू आहे का? निम्म्यांचं उत्तर, "व्हॉट्सॲप कॉल ना? करतो की." नाही. व्हॉट्सॲप कॉल वेगळा आणि हा वेगळा.

व्हॉट्सॲप कॉलला दोन्हीकडं इंटरनेट लागतं, दोन्हीकडं व्हॉट्सॲप लागतं. वायफाय कॉलिंगमध्ये तुमचा नेहमीचाच नंबर, नेहमीचंच डायल करायचं बटण. फरक एवढाच की तुमचा आवाज टॉवरकडं न जाता घरातल्या वायफायवरून कंपनीच्या यंत्रणेत पोचतो. फोन आणि कंपनी यांच्यामध्ये इंटरनेटवरून एक बंद, कुलूपबंद म्हणा, नळी टाकली जाते आणि त्या नळीतून बोलणं जातं. पलीकडं कुणीही असो. साधा बटणांचा फोन असो, तहसीलचा लँडलाइन असो, बँक असो. त्याला कळतही नाही की तुम्ही वायफायवरून बोलताय. रिचार्ज मात्र चालू पाहिजे, कारण कंपनीच्या लेखी हा साधाच कॉल आहे. तुमच्या पॅकमधूनच जातो, वर काही लागत नाही. वायफायचा डेटाही फार जळत नाही. मिनिटाला एक एमबी धरा, बहुतेक वेळा त्याहून कमीच.

ही काही कालपरवाची गोष्ट नाही. अमेरिकेत टी-मोबाइलनं २००७ मध्येच घरच्या वायफायवरून बोलायची सोय काढली होती. आयफोनात ती २०१४ च्या सुमारास आली. भारतात डिसेंबर २०१९ मध्ये एअरटेलनं दिल्लीपासून सुरुवात केली, तेव्हा त्यांचंच ब्रॉडबँड लागायचं. ८ जानेवारी २०२० ला जिओनं देशभर आणि कोणत्याही वायफायवर ती खुली केली. व्हीआयनं डिसेंबर २०२० मध्ये सुरू केली ती आपल्याच महाराष्ट्र-गोवा सर्कलमधून, सोबत कोलकाता. बीएसएनएलला मात्र उशीर लागला. २०२६ च्या पहिल्या दिवशी त्यांनी देशभर ही सेवा सुरू केल्याचं जाहीर केलं. म्हणजे आज चारही कंपन्यांकडं ही सोय आहे.

मग आपल्याला कुणी सांगितलं का नाही? मी एका कंपनीच्या ग्राहक सेवेला घरात रेंज नसल्याची तक्रार केली. तीन वेळा. पहिल्यांदा म्हणाले, फोन बंद करून चालू करा. दुसऱ्यांदा म्हणाले, सिम काढून पुसून घाला. तिसऱ्यांदा तक्रार क्रमांक मिळाला आणि दोन दिवसांनी "आपली समस्या सोडवण्यात आली आहे" असा मेसेज. तो मेसेज वाचायला मला अंगणात जावं लागलं. तीन फोनांत एकदाही कुणी विचारलं नाही, की साहेब, घरात वायफाय आहे का? असेल तर अमुक बटण चालू करा. एक वाक्य होतं. रिचार्जच्या दुकानातल्या पोरांनाही माहीत नाही. त्यांना तरी कोण सांगणार? त्यांचं कमिशन रिचार्जवर.

तर ते बटण कुठं असतं ते सांगतो. फोनच्या सेटिंगमध्ये मोबाइल नेटवर्क, सिम किंवा कनेक्शन असं काहीतरी असतं. त्यात आपलं सिम निवडायचं. तिथं व्होल्टी आधी चालू पाहिजे, आणि खाली "वायफाय कॉलिंग" किंवा "वायफाय वापरून कॉल करा" असं दिसेल. काही फोनांत ते डायल करायच्या पडद्याच्या वरच्या तीन ठिपक्यांत, तिथल्या सेटिंगमध्ये लपलेलं असतं. सापडत नसेल तर सेटिंगच्या वर शोधायची पट्टी असते, तिथं "वायफाय कॉल" टाका. दोन सिम असतील तर दोन्हींचं वेगवेगळं चालू करावं लागतं. इथंच बरेच जण चुकतात. दिसतच नसेल तर फोनचं सॉफ्टवेअर अपडेट करून बघा. तरी नाही आलं तर तो फोन आणि ती कंपनी यांचं जमत नाही, असं समजा. स्वस्तातल्या आणि जुन्या फोनांत ही अडचण आहे.

चालू झालं की नाही याची सोपी परीक्षा आहे. विमानाचं चिन्ह दाबा, म्हणजे टॉवर पूर्ण बंद. मग फक्त वायफाय चालू करा आणि शेजारच्याला फोन लावा. लागला तर जिंकलात. वर पट्टीत "व्हीओवायफाय" किंवा फोनच्या चिन्हाला वायफायची टोपी दिसते. वायफाय चांगलं असूनही लागत नसेल तर गडबड तुमच्या केबलवाल्याकडं असू शकते. ही नळी इंटरनेटच्या ५०० आणि ४५०० क्रमांकाच्या दारांतून जाते आणि काही ठिकाणी राउटरमध्ये किंवा पुढं ती दारं अडवलेली असतात. केबलवाल्याला नुसतं "वायफाय कॉल लागत नाही" म्हणू नका. "५०० आणि ४५०० चे पोर्ट उघडे आहेत का बघा" म्हणा. बघा कसा सरळ होतो.

आता यात खरं पणाला काय लागलंय, ते बोलू. रेंज नसली की गप्पा होत नाहीत एवढंच असतं तर मी एवढं लांबण लावलं नसतं. गेल्या काही वर्षांत सरकारनं माणसाची ओळखच फोनवर नेऊन ठेवली. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी आठवा. सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झाली, आधी दोन महिन्यांची मुदत, मग ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. बाईच्या आधारला जोडलेल्या नंबरवर ओटीपी, मग नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारच्या नंबरवर ओटीपी. ओटीपीचं आयुष्य काही मिनिटांचं. सेवा केंद्र म्हणजे स्लॅबखालचा, पुढं लोखंडी शटर असलेला दहा बाय दहाचा गाळा. आत कॉम्प्युटरला फायबरचं झकास नेट आणि बाहेर उन्हात बायका फोन वर धरून उभ्या. एक मावशी बाहेरून आकडे ओरडायची, आत पोचेपर्यंत मुदत संपायची. पुन्हा पाठवा. तीनचारदा झालं की पोर्टल म्हणणार, उद्या या. तिचा त्या दिवसाचा रोज बुडाला, आणि खेड्यावरून यायचं भाडं वेगळंच.

त्या गाळ्यात वायफाय होतं. ज्यांच्याकडं अँड्रॉइड फोन होता, त्यांना केंद्रचालकानं पासवर्ड दिला असता आणि ते एक बटण चालू करून दिलं असतं, तर त्यातल्या कितीतरी जणींचा मेसेज आतच आला असता. बऱ्याच नव्या फोनांत कॉलबरोबर मेसेजही याच वाटेनं येतो. सगळ्या फोनांत येतोच असं नाही, म्हणून विमानवाली परीक्षा मेसेजसाठीही करून बघा, दुसऱ्या फोनवरून एक साधा मेसेज पाठवून. सेवा केंद्र चालवणाऱ्या माझ्या मित्रांनो, पासवर्डची पाटी भिंतीवर लावल्यानं तुमचं नेट संपत नाही. बँक, पतसंस्था, रेशन दुकान, जिथं जिथं माणसं ओटीपीसाठी खोळंबतात, तिथं हे होण्यासारखं आहे.

दुसरं म्हणजे लेकरं. आपल्या तालुक्यातलं कोणतं घर आहे ज्यातलं एक तरी पोरगं पुण्याला, मुंबईला किंवा हैदराबादला नाही? कंपनीत, बांधकामावर, नाहीतर लातूरला क्लासला. रात्री दहाला तिकडून फोन येतो, तेव्हा इकडं म्हातारा-म्हातारी आतल्या खोलीत झोपलेली. फोन लागत नाही. पोरगं शेजाऱ्याला लावतं, शेजारी दार वाजवतो, म्हातारी घाबरून उठते. काही झालेलं नसतं, नुसतं "जेवलीस का माय" विचारायचं असतं. ज्या घरात फायबर आलंय तिथं या गोष्टीसाठी तरी हे बटण चालू करून द्या. पोरांनो, दिवाळीला गावी आल्यावर आईला नवं स्टेटस लावायला शिकवता, त्याआधी हे करा.

इथवर मी वायफाय कॉलिंगची जाहिरात केल्यासारखं झालं. आता दुसरी बाजू.

ही सोय फुकट आहे असं मी वर म्हटलं. कंपनी तिचे पैसे घेत नाही, हे खरं. पण वायफाय फुकट नाही. फायबर घ्यायचं तर महिन्याला चारशे-पाचशे रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी. जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी रिचार्ज महाग केले, ते आपण सोसलेच आहेत. म्हणजे हिशोब असा, की घरात फोन लागावा म्हणून मी कंपनीला रिचार्जचे पैसे देतो. घरात फोन लागत नाही. मग तो लागावा म्हणून मी दुसऱ्याला, किंवा त्याच कंपनीला, ब्रॉडबँडचे पैसे देतो. आणि माझा कॉल वायफायवरून गेल्यामुळं टॉवरवरचा बोजा कुणाचा कमी होतो? कंपनीचा. विहीर आपली, मोटार आपली, लाईट बिल आपलं आणि पाणीपट्टी मात्र दुसऱ्याला, तसली ही गत.

एअरफायबरचं तर बघण्यासारखं आहे. छतावर एक डबी बसवतात, ती त्याच कंपनीच्या टॉवरची ५जी लहर पकडते, तारेनं घरात आणते आणि वायफाय करते. मग त्या वायफायवरून वायफाय कॉलिंग. म्हणजे टॉवर तोच, लहर त्याचीच, फक्त स्लॅबच्या वरून खाली आणायचे वेगळे पैसे! तंत्र म्हणून मला त्याचं कौतुक आहे, जिथं फायबरची तार पोचत नाही तिथं उपयोगही आहे. पण स्लॅब पार करणं हे काम नेमकं कुणाचं, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

नियम करणाऱ्या ट्रायला हे माहीत नाही असं नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांनी इमारतींना आतल्या डिजिटल जोडणीनुसार तारे द्यायचे नियम काढले. हॉटेलला असतात तसे तारे. पुण्या-मुंबईत फ्लॅट घेणाऱ्याला त्याचा उपयोग होईल, चांगलंच आहे. आमच्या माळवदाला तारे कोण देणार? तिथं तारे दिसतात ते रात्री गच्चीवर फोन लावायला गेल्यावर. त्याच वर्षी सेवेच्या दर्जाचे नवे नियमही आले. कंपन्यांनी आपापल्या कव्हरेजचे नकाशे जाहीर करायचे, जिल्ह्यात चोवीस तासांहून जास्त सेवा बंद राहिली तर ग्राहकाला भरपाई, दंडाच्या रकमा एक लाखापासून दहा लाखांपर्यंत. कागदावर चांगलं आहे. नकाशे उघडून बघा, आपला भाग बराचसा रंगवलेला दिसेल. पण नकाशातला रंग गावावरून फिरतो, उंबरठ्याच्या आत येत नाही. आतल्या खोलीत काय होतं, ते तिथं राहणाऱ्यालाच ठाऊक.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. ज्या मावशीला ओटीपी येत नव्हता, तिच्या हातात बटणांचा फोन होता. त्यात वायफायच नाही, मग वायफाय कॉलिंग कुठलं? ज्याचं घर सगळ्यात अडचणीचं, ज्याचा फोन सगळ्यात साधा, आणि ज्याला सरकारी ओटीपीची गरज सगळ्यात जास्त, त्याच्यापर्यंत ही सोय पोचतच नाही. त्याला टॉवरचाच आधार. उद्या कंपन्या म्हणायला लागल्या की घरात रेंज नाही, तर वायफाय कॉलिंग आहे ना, तर ते उत्तर त्या मावशीला चालणार नाही. आपण अँड्रॉइडवाल्यांनी स्वतःचं भागलं म्हणून तक्रार बंद केली, तर तिची तक्रार करणारं कुणी उरणार नाही.

लाईटचंही तसंच. जुन्या काळ्या लँडलाइन फोनची एक खुबी होती. त्याला लागणारी वीज एक्स्चेंजमधूनच तारेनं यायची. घरात अंधार असला तरी फोन चालायचा. फायबरच्या काचेच्या तारेतून वीज येत नाही. लाईट गेली की राउटर झोपला आणि वायफाय कॉलिंगही झोपलं. आपल्याकडं लाईट कधी जाते? वादळात, पावसात, म्हणजे फोनची गरज असते तेव्हाच. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्यानं हे भोगलंय. ज्यांच्याकडं इन्व्हर्टर आहे त्यांनी राउटर आणि फायबरची डबी त्यावर घ्या. नसेल तर फक्त राउटरसाठी छोटी बॅटरी मिळते, हजार-दीड हजारात, काही तास चालते. पण तुमच्या केबलवाल्याची गल्लीतली पेटी बंद पडली तर तुमची बॅटरी काय करणार? त्यालाही विचारा, तुझ्या पेटीला बॅकअप आहे का.

म्हणूनच जिवावरचं काम असेल तर वायफायच्या भरवशावर राहू नका. १०८ किंवा ११२ लावायचा असेल आणि वेळ असेल तर बाहेर या, टॉवरवरून लावा. टॉवरवरून केलेल्या कॉलमध्ये तुम्ही साधारण कोणत्या भागात आहात याचा माग लागतो. वायफायवरून केलेल्यात तो तसाच लागेल असं धरून चालू नका. आतूनच लावावा लागला तर पहिलं वाक्य गावाचं नाव आणि खूण. "शिरूर" एवढंच म्हणू नका, महाराष्ट्रात शिरूर बरीच आहेत. पुण्याचं शिरूर आहे, बीडचं शिरूर कासार आहे. "शिरूर अनंतपाळ, जिल्हा लातूर" असं पूर्ण सांगा.

आता ग्रामपंचायतीचं. गावोगाव फायबर न्यायची योजना २०११ मध्ये केंद्रानं मंजूर केली, २०१५ मध्ये तिचं नाव भारतनेट झालं. ऑगस्ट २०२३ मध्ये सुधारित भारतनेटसाठी १ लाख ३९ हजार ५७९ कोटी रुपये मंजूर झाले. एवढ्या पैशातून एक तार ग्रामपंचायतीपर्यंत येणं अपेक्षित आहे. बातमीसाठी फिरताना मी काही ग्रामपंचायतींत ती पेटी पाहिली आहे. एके ठिकाणी ती कपाटात कुलपात होती, चावी दुसऱ्या गावी. एके ठिकाणी पेटी चालू, दिवा हिरवा, पण पासवर्ड कुणालाच माहीत नाही. आणि एके ठिकाणी खरंच चालू होती. तिथं शाळेची पोरं ओट्यावर बसून अभ्यासाचे व्हिडिओ बघत होती. ती पेटी चालू असेल, तिचं वायफाय ओट्यापर्यंत येत असेल आणि ग्रामसेवकानं पासवर्ड लावला असेल, तर त्या ओट्यावर वायफाय कॉलिंगही चालेल, ओटीपीही येईल. अंगणवाडी, आरोग्य उपकेंद्र, शाळा, तलाठी कार्यालय, सगळ्यांना हाच हिशोब लागू आहे. नवा टॉवर यायला वर्षं जातात. पासवर्डची पाटी लावायला एक खडू लागतो.

येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या. भारतनेटची पेटी आपल्या गावात आली का, चालू आहे का, लाईट गेल्यावर तिला बॅकअप आहे का, पासवर्ड कुणाकडं आहे, हे चार प्रश्न लेखी द्या आणि ठरावात घ्या. शहरात राहणाऱ्यांनी हेच नगरपंचायतीला विचारा.

कंपनीकडं तक्रार करताना नुसतं "रेंज नाही" म्हणू नका. ते फोन बंद-चालू करायलाच सांगणार. फोनच्या सेटिंगमध्ये "फोनविषयी" या भागात सिमची स्थिती दाखवतात. तिथं सिग्नल डीबीएममध्ये, उणे आकड्यात लिहिलेला असतो. उणे ९० च्या आसपास असेल तर चांगला, उणे ११० च्या खाली गेला की रडायचं. अंगणातला आकडा आणि आतल्या खोलीतला आकडा, दोन्हींचे फोटो काढा, तारीख-वेळेसह. तक्रार क्रमांक घ्या. समाधान नाही झालं तर त्याच कंपनीच्या अपिलीय अधिकाऱ्याकडं जायची सोय असते, ती वापरा. ट्रायकडं वैयक्तिक तक्रारी घेत नाहीत, त्यामुळं तिथं अर्ज पाठवून वाट बघत बसू नका. तिथूनही काही झालं नाही तर केंद्राच्या सार्वजनिक तक्रार पोर्टलवर दूरसंचार विभागाच्या नावानं टाका.

एका माणसाची तक्रार "फोन रीस्टार्ट करा" वर संपते. एका गावातल्या चाळीस घरांचे आकडे एकत्र गेले तर तसं उत्तर देणं अवघड जाईल. तालुक्याची यादी मी करतोय. साकोळ, येरोळ, उजेड, आणि तुमचं जे कोणतं गाव असेल ते. खाली एवढंच लिहा: गाव, कंपनी, घर माळवदाचं की स्लॅबचं की पत्र्याचं, अंगणातला आकडा, आतला आकडा. नंबर, पत्ता काही टाकू नका. आणि घरात बटणांचा फोन वापरणारं कुणी असेल, तर त्यांच्या फोनला आत रेंज येते का, हेही त्यांना विचारून लिहा. पंधरा दिवसांनी यादी छापतो आणि तहसीलदारांनाही देतो.